छातीतल्या धडधडीची भीती आणि डेक्कनचं एक समुपदेशन केंद्र: माझा अनुभव

आधी मत सांगते. चिंताविकारातून बरं होत असताना शरीरात जे काही होतं, त्याचीच भीती ज्यांच्या मागे लागली आहे, त्यांनी या केंद्रात जरूर जावं. फी कमी नाही, दोन मजले जिना चढावा लागतो आणि पहिल्या एकदोन भेटींत ‘इथे कुणी धीरच देत नाही’ म्हणून रागही येतो. तरीही जावं. मी गेले काही महिने जाते आहे आणि माझं काम, माझी झोप, माझं घर तिन्ही जागेवर यायला या सत्रांची फार मोठी मदत झाली.

केंद्राचं नाव मात्र मी लिहीत नाही. तिथे दोनच मॅडम काम करतात, आणि सगळ्यांना पुण्यात डेक्कनला येणं जमणारही नाही. तुमच्या जवळ असंच काम करणारं माणूस कसं ओळखायचं, तिथे तुम्हाला काय मिळायला हवं, हे सविस्तर सांगितलं तर त्याचा जास्त उपयोग होईल.

मी कोथरूडला डहाणूकर कॉलनीजवळ पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे पाचला शेगडी पेटते, डबे साडेनऊच्या आत बाहेर पडतात, मग दुपारी काउंटर आणि संध्याकाळी पुन्हा पोळ्या. मदतीला दोन मावशी आहेत. हे सांगायचं कारण असं की माझं काम उभ्याचं, उकाड्याचं आणि हातांचं आहे. घाम येतो, छाती धडधडते, परात उचलून डावा हात भरून येतो, मान आखडते, तव्याच्या धगीने गरगरतं. चिंतेतही नेमकं हेच होतं. त्यामुळे कुठलं दुखणं कामाचं, कुठलं चिंतेचं आणि कुठलं खरोखर काळजीचं, याचा उलगडा करण्यात माझा सगळा दिवस जायचा.

सासरे हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी तव्यासमोर उभी असताना माझ्या छातीत इतकी धडधड सुरू झाली की हातातलं उलथणं खाली पडलं. हात थंड पडले, ओठांभोवती मुंग्या आल्या. ‘आता मी जाणार’ असं पक्कं वाटलं. यांनी तसंच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. ईसीजी नॉर्मल आला. नंतर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, पट्ट्यावर चालून करायची टीएमटी झाली, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन झालं, चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदवणारा होल्टरही झाला. सगळं व्यवस्थित निघालं. फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांनी फरक पडू लागला. झोप लागायला लागली. ते मोठे झटके जवळजवळ थांबले.

डॉक्टर म्हणाले, ‘सुधारणा चांगली आहे.’ होतीच. पण किरकोळ लक्षणं उरली होती आणि त्यांचा धसका पहिल्यापेक्षा वाढला होता. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. जिना चढून आलं की पाय लटलटायचे. मोठा श्वास घेतल्याशिवाय पुरेशी हवा मिळत नाही असं वाटायचं. आणि प्रत्येक वेळी मनात दोनच शक्यता यायच्या: एकतर आजार उलटला, नाहीतर तपासणीत काहीतरी राहून गेलं. पीठ चाळावं तसं मी माझं शरीर दिवसभर चाळत होते, आणि चाळलं की काही ना काही सापडायचंच.

या काळात लोक ‘आता बरी दिसतेस’ म्हणतात. आपल्यालाही बरं व्हायचंच असतं. मग एखाद्या दिवशी पुन्हा धडधडलं की कुणाला सांगायचीही चोरी होते. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

काउंटरच्या गल्ल्यात सुट्ट्या पैशांच्या शेजारी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर ठेवलेला असायचा. गिऱ्हाईक वळलं की मी बोट त्यात घालायची. आकडा अठ्ठ्याण्णव दिसला की हायसं वाटायचं, ते पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत. घरी रक्तदाबाचं मशीन होतं. एकदा मोजलं की आकडा थोडा जास्त वाटायचा, मग पुन्हा मोजायचं, भीतीने तो अजून वाढायचा, मग तिसऱ्यांदा. कणकेच्या हाताने मानेवर नाडी बघितल्याने ब्लाउजच्या गळ्याला पिठाचे डाग पडायचे, ते मावशींनीच एकदा दाखवले.

लेकीने वाढदिवसाला मनगटावरचं स्मार्ट घड्याळ दिलं होतं. तिच्या मनात चांगलंच होतं. त्या घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो, तो कातडीखालच्या रक्ताच्या प्रवाहावर उजेड टाकतो आणि परत येणाऱ्या उजेडातल्या फरकावरून ठोके मोजतो. पट्टा सैल असला, घाम असला किंवा मनगट सतत हलत असलं की आकडा चुकू शकतो. पोळ्या लाटताना मनगट दुसरं काय करतं? त्यावर १३० दिसलं की माझ्या पोटात खड्डा पडायचा. चालणाऱ्या, पळणाऱ्या निरोगी माणसांना ते घड्याळ उपयोगी असेल, माझी तक्रार नाही. पण धडधडीची धास्ती घेतलेल्या माणसाच्या मनगटावर ते बांधू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

या केंद्राआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी जात होते. तिथले गृहस्थ मायाळू होते. दर वेळी माझं सगळं ऐकून घ्यायचे, रिपोर्टची फाईल उघडायचे आणि म्हणायचे, ‘ताई, तुमचं हृदय ठणठणीत आहे.’ बाहेर पडताना अंगावरचं ओझं उतरल्यासारखं व्हायचं. ते समाधान कर्वे पुतळ्यापर्यंत टिकायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच ऐकायला जायचं. हे बरेच दिवस चाललं, आणि मला दर आठवड्याला आधीपेक्षा जास्त धीर लागायला लागला.

डेक्कनच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत फाईल मागितली. सगळे कागद नीट पाहिले, कोणत्या डॉक्टरांनी तपासलं, गोळी कोणती, किती दिवसांपासून, कॉफी किती, झोप किती, घरात कुणाला काय आजार, सगळं लिहून घेतलं. मग फाईल बंद करून माझ्याकडे परत दिली आणि म्हणाल्या, ‘ताई, तुमच्या डॉक्टरांनी तपासून झालेलं आहे. आता इथे मी हे रिपोर्ट पुन्हा वाचून दाखवणार नाही. फाईल घरी कपाटात ठेवा.’ मला वाईट वाटलं. जिना उतरताना मी ठरवलं होतं की पुन्हा यायचं नाही. यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘कोरड्या आहेत.’ नंतर समजलं की धीर देण्याने माझी तपासण्याची सवयच पोसली जात होती, म्हणून त्या तो देत नव्हत्या.

दुसऱ्या भेटीत त्यांनी कागदावर एक गोल काढला. छातीत काहीतरी जाणवतं, मन म्हणतं ‘हृदयाचं आहे’, त्या विचाराने भीती वाटते, भीतीने ॲड्रेनलिन हे संप्रेरक सुटतं, त्याने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड बघून मन म्हणतं, ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ ही मांडणी डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये केली, आणि पॅनिकवरचे, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांवरचे बोलण्याचे उपचार मोठ्या प्रमाणात तिच्यावर उभे आहेत, असं त्यांनी सांगितलं. त्याहून मला महत्त्वाचं वाटलं ते असं की त्यांनी माझं प्रत्येक लक्षण घेतलं आणि ते शरीरात कसं तयार होतं ते समजावलं. एकाही लक्षणाला ‘मनाचे खेळ’ म्हटलं नाही. धडधड खरी असते, मुंग्या खऱ्या असतात.

घाबरलो की आपण नकळत भराभर आणि खोल श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो कमी झाला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. ऑक्सिजन मात्र पुरेसा असतो. म्हणजे हवा कमी पडते असं वाटत असताना माझ्या ऑक्सिमीटरवर अठ्ठ्याण्णव का दिसायचं, हे मला तेव्हा कळलं. ठोका चुकल्यासारखा वाटतो तेव्हा बहुधा एक ठोका थोडा आधी पडलेला असतो, मग क्षणभर खंड पडतो आणि पुढचा ठोका जोरात येतो, तो जोराचा आपल्याला जाणवतो. निरोगी माणसांनाही असे ठोके पडतात, त्यांचं तिकडे लक्ष नसतं इतकंच. घशातला गोळा स्नायू ताणल्याने येतो आणि तो आहे का हे बघायला सारखा कोरडा आवंढा गिळला की वाढतो. मी दिवसभर तेच करत होते.

मला सगळ्यात मोठी भीती तव्यावर चक्कर येऊन पडण्याची होती. त्यावर त्यांनी विचारलं, ‘इतक्या झटक्यांत एकदा तरी शुद्ध हरपली का?’ नव्हती. शुद्ध हरपायची तर सहसा रक्तदाब एकदम खाली यावा लागतो, आणि पॅनिकच्या झटक्यात तो उलट थोडा वरच जातो. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले होते. इतकी साधी गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती.

आता ज्या भागासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो. तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून मॅडमनी मला मुद्दाम ती लक्षणं आणायला लावली. आधी माझ्या डॉक्टरांना विचारून घेतलं. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हे व्यायाम तसेच करायचे नसतात, आणि घरी वाचून एकट्याने तर करायचेच नाहीत. मला परवानगी मिळाली. मग बंद खोलीत, मॅडम समोर बसलेल्या, आणि मी फिरत्या खुर्चीत गरगर फिरते आहे. एका दिवशी नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. एका दिवशी मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायचा. एका दिवशी त्यांच्याच इमारतीचा जिना धावत चढायचा आणि वर आल्यावर बसायचं नाही, भिंतीचा आधार घ्यायचा नाही, नाडी बघायची नाही, पाणीही प्यायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि शरीरात काय होतंय ते मोठ्याने सांगायचं.

भराभर श्वासाचा दिवस मी विसरणार नाही. अर्धं मिनिट होत नाही तोच ओठांना त्याच मुंग्या, हातांना तोच गारवा. पहिल्या झटक्याच्या सकाळी जे झालं होतं तेच सगळं, फक्त या वेळी ते मी स्वतः आणलं होतं. मॅडम म्हणाल्या, ‘भीती शंभरपैकी किती?’ मी म्हणाले, ‘नव्वद.’ त्या काहीच बोलल्या नाहीत. घड्याळाकडेही बघितलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, ‘आता?’ साठ. मग चाळीस. मी काहीच केलं नव्हतं, गोळी नाही, देवाचं नाव नाही, यांना फोन नाही, आणि ती आपोआप उतरत होती. मला रडू आलं. मॅडमनी रुमालाचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘छान. आता पुन्हा एकदा करू.’ त्यांची ही पद्धत मला फार आवडते. कौतुक करतात आणि लगेच पुढच्या कामाला लावतात.

नंतर हेच बाहेर करायचं होतं. पर्वती ठरली. एकशे तीन पायऱ्या, लहानपणापासून किती वेळा चढले असेन, पण सासरे गेल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. वर पोहोचेपर्यंत छाती भात्यासारखी चालू होती. आजूबाजूला माझ्याहून वयाने मोठे लोक धापा टाकत उभे होते, घाम पुसत होते आणि त्यातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मीही तशीच उभी राहिले. मग खाली उतरून पुन्हा चढले, कारण गृहपाठ तसा होता.

दुकानातले नियम आम्ही दोघींनी मिळून ठरवले. ऑक्सिमीटर नणंदेकडे गेला. रक्तदाबाचं मशीन यांच्या ताब्यात गेलं, डॉक्टर सांगतील त्याच दिवशी आणि एकदाच मोजायचं. घड्याळ लेकीला परत केलं, तिने समजून घेतलं. शेगडीसमोर धडधडलं तर काम सोडून बाहेर जायचं नाही, हातातली पोळी पूर्ण लाटायची, ती भाजायची, मग पुढचा गोळा घ्यायचा. भीती कमी होण्याची वाट बघायची नाही. पहिले काही दिवस फार जड गेले. पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या, एका डब्याची तक्रारही आली. पण मावशींना मी सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी फार सांभाळून घेतलं. एकदा मी मध्येच थबकले तर मोठ्या मावशी म्हणाल्या, ‘वहिनी, धडधडू द्या, तवा तापलाय.’ मॅडमनाही ते वाक्य खूप आवडलं.

एका सत्राला यांना बोलावलं होतं. माझ्या मते प्रत्येक केंद्राने हे करायला हवं. मी दिवसातून कितीदा तरी यांना विचारायची, ‘काही नसेल ना हो?’ आणि हे बिचारे दर वेळी म्हणायचे, ‘काही नाही गं, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना?’ मॅडमनी त्यांना समजावलं की हे उत्तर प्रेमाचं आहे, पण त्याने प्रश्न परत परत येतो. त्याऐवजी काय म्हणायचं तेही ठरवून दिलं: ‘तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय. हातातलं काम होऊ दे, मग चहा घेऊ.’ यांना ते सुरुवातीला निष्ठुरपणाचं वाटलं. पण त्यांनी ते निभावलं, आणि आमच्या घरातलं बोलणं पुन्हा माझ्या छातीशिवाय दुसऱ्या विषयांवर व्हायला लागलं.

गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी होत्या. तीन-चार रात्री झोप अपुरी, वाफेत उभं राहणं, वर चहा. इतक्या आठवड्यांच्या शांततेनंतर धडधड, घशातला गोळा, पाय लटलटणं, सगळं एकदम परत आलं. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की दगदग, जागरण, ताप, पाळीच्या आधीचे दिवस, अशा वेळी लक्षणं वर येतील आणि ती आली म्हणजे कमावलेलं गेलं असं होत नाही. मी मोदकांच्या कळ्या करत राहिले. ऑर्डरी वेळेवर गेल्या. लक्षणं पुढे चार दिवस रेंगाळली आणि गेली. आजही अधूनमधून ठोका चुकतो. तो आला की मला कळतं, आणि मी जे करत असते ते करत राहते. हे मला या केंद्राने दिलं.

आता जे आवडलं नाही ते. लिफ्ट नाही. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी आधी फोन करून विचारावं, ऑनलाइन सत्रंही घेतात. बाहेर बसायची जागा फारच अरुंद आहे, दोन खुर्च्या, आणि आपल्या ओळखीचं कुणी भेटलं तर अवघडल्यासारखं होतं. भांडारकर रस्त्याच्या त्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही. मी आनंदनगरहून मेट्रोने डेक्कन जिमखान्याला उतरून गुडलक चौकातून चालत जाते, तेच बरं पडतं. आणि सुरुवातीला दिलेले सगळे तक्ते इंग्रजीत होते. पुण्यात, मराठीत बोलणाऱ्या मॅडमनी, मराठीत बोलणाऱ्या बाईला इंग्रजी तक्ता भरायला का द्यावा? मी तसं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, पुढच्या वेळी स्वतःच्या हाताने मराठीत लिहून आणले. पण हे न मागता मिळायला हवं. माझ्या मोठ्या मावशींसारखी बाई तिथे गेली असती तर तो कागद बघूनच परत आली असती.

फी एका सत्राला १२०० रुपये, वेळ पन्नास मिनिटं, आणि ती अगदी काट्यावर. आदल्या दिवसापर्यंत कळवलं नाही तर पूर्ण पैसे जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायला सांगितलं आहे, पण बहुतेक साध्या पॉलिसी हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, त्यामुळे असल्या सत्रांचे पैसे खिशातून जातात. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी ससून या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जावं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि अजून फार लोकांना माहीत नाही.

एक गोष्ट मी कळकळीने सांगते. हे सगळं तपासण्या झाल्यानंतरचं आहे. आधी डॉक्टरांकडे जायलाच हवं, कारण थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याने किंवा अंगात रक्त कमी असल्यानेही धडधड होते. आणि चिंताविकार आहे म्हणून माणसाला दुसरा आजार होत नाही असं नाही. माझ्या डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलं आहे, तो कागद आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. छातीत दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं दुखणं आणि ते काही मिनिटांत न थांबणं, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, सोबत दरदरून घाम किंवा दम लागणं, श्रमाने वाढून विश्रांतीने थांबणारं दुखणं, शुद्ध हरपणं, चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलता न येणं. यातलं काही झालं तर विचार करत बसायचं नाही, १०८ ला फोन करून थेट हॉस्पिटल गाठायचं. याव्यतिरिक्त काही नवीन आणि वेगळं वाटलं तर डॉक्टरांची वेळ घ्यायची आणि त्या दिवशी विचारायचं. हा कागद हाताशी आल्यापासून दिवसभर निवाडा करत बसायचं माझं काम संपलं. गोळ्यांचंही तसंच. बरं वाटलं म्हणून त्या आपल्या आपण बंद करायच्या नाहीत, एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थपणा असा वेगळाच त्रास होतो. माझा डोस डॉक्टर हळूहळू कमी करत आहेत आणि मॅडमना ते माहीत आहे.

तर तुमच्या भागात असं माणूस शोधताना काय बघाल? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी विचारा. विचारायला संकोच करू नका, इथल्या मॅडमनी स्वतःहून भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं होतं. पॅनिक आणि आरोग्याच्या धास्तीवर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायचा बोलण्याचा उपचार करता का, हे फोनवरच विचारा, आणि ‘लक्षणं मुद्दाम आणायचे व्यायाम करून घेता का’ हेही. त्यांना प्रश्न कळला तर तुम्ही बहुधा योग्य ठिकाणी आला आहात. तुमच्या डॉक्टरांशी बोलायची त्यांची तयारी हवी. सत्रांच्या मधल्या दिवसांसाठी गृहपाठ द्यायला हवा. घरातल्या माणसाला एकदा बोलावणार असतील तर फारच चांगलं. आणि दर भेटीत तुम्हाला नुसतं बरं वाटत असेल, पण घरी आल्यावर मशीनकडेच हात जात असेल, तर तसं त्यांना स्पष्ट सांगा.

डेक्कनच्या केंद्रात संध्याकाळच्या वेळांसाठी बरेच आठवडे थांबावं लागतं. सकाळी अकरा ते एकच्या मधली वेळ मागितली तर लवकर मिळते. मी तीच घेते, डबे गेलेले असतात आणि संध्याकाळच्या कणकेपर्यंत परत येता येतं. आता महिन्यातून एकदाच बोलावतात.